तीनशे चाळीस पावलं

युटलंडच्या माळावर वारा दार ठोठावत नाही,
सरळ आत येतो आणि खुर्ची ओढून बसतो.
अशाच एका वाऱ्यात एकोणऐंशी वर्षांची आस्टा
मला बटाट्याच्या कोठारात घेऊन गेली. म्हणाली,
"आजोबांची आहे. डोकं सांभाळा, तुळई खाली आहे."
डोकं आपटलंच.

मग दिसली.
ओकच्या लाकडाची चौकट, तीन चाकं;
खरं तर दोनच, पुढचा भाग विटांवर टेकलेला.
सुकाणूचा दांडा होडीला असतो तसा,
एकच सिलिंडर, तांब्याएवढा,
आणि ब्रेक म्हणून एक ठोकळा,
त्याला जुन्या बुटाचा तळवा खिळ्यांनी मारलेला.
बूट डाव्या पायाचा. मी नोंद केली.
म्युझियमनं मला मोजायला पाठवलं होतं,
मी मोजत राहिलो.

ओलुफ लोहार. नाल ठोकायचा, फाळ पाजवायचा.
अठराशे एकोणनव्वदच्या शरदात
त्यानं ती रस्त्यावर काढली,
भट्टीपासून चर्चच्या फाटकापर्यंत.
पावलं मोजली घंटा वाजवणाऱ्या येप्पेनं.
तो शेजारून चालत होता,
मधे थांबून त्यानं पाइप पेटवला,
तरी फाटकाशी तोच आधी पोचला.

तिथं गाडी खोकली आणि गप्प झाली.
मागे जाण्याची सोयच नव्हती.
ओलुफनं फक्त पुढे जाण्याचा विचार केला होता.
शेवटी पाद्र्याची घोडी जुंपली.
घोडी काही बोलली नाही, आस्टा सांगते,
पण वळणावर तिनं मान वळवून एकदा पाहिलं.

हिशेबाच्या वहीत त्या दिवशी
चार नाल, एक बिजागरी,
आणि खाली, शाई संपत आलेली:
"चालली. उद्या पुन्हा पाहू."

उद्या कुणाचा तरी नांगर मोडला.
मग हिवाळा लागला. मग मुलगी झाली.
मग कंबर धरली ती धरलीच.
मग शहरातून दुकानातल्या गाड्या येऊ लागल्या,
त्या मागेही जात.

ती वाचली कशी, हे मला अहवालात लिहायचं आहे.
आस्टा सांगते, मी लिहून घेतो.
पट्ट्याचं कातडं लाकडी बुटांना लागलं.
पुढचं चाक ढकलगाडीला. ढकलगाडी आहे अजून.
फ्लायव्हील विहिरीच्या झाकणावर,
वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून.
सीटवर कोंबड्या.
युद्धात लोखंडाची यादी करणारे आले, तेव्हा
आजी मारेन दारात आडवी उभी राहून म्हणाली, "खुराडं आहे."
खोटं नव्हतं.
आत आठ वर्षांची आस्टा
एकेका कोंबडीला पायानं डिवचत होती.
इतकी पिसं उडाली, इतका कालवा झाला,
की यादीवाला शिंकत शिंकत पुढच्या घरी गेला.

ज्या धावल्या त्या धावून झिजल्या,
वितळल्या, दुसऱ्याच कशाचे तरी खिळे झाल्या.
ही फसली म्हणून उरली.
असं मी लिहिलं, वाचून दाखवलं.
आस्टाला ते पटलं नाही.
"फसली नव्हती," ती म्हणाली. "दमली होती."
मी खोडलं. दुसरं काही अजून सुचलेलं नाही.

सीटखालच्या पेटीत एक चिनी मातीचं अंडं होतं,
कोंबडीला भुलवायला ठेवतात तसं.
ते मी होतं तिथंच ठेवलं.
मग न राहवून हँडलला हात घातला,
अर्धा फेरा, हळूच.
सिलिंडरमधून एक उसासा आला,
ओल्या मातीचा आणि जरासा तेलाचा.
आस्टानं ऐकलं की नाही, कळलं नाही.
ती पोती बांधत होती.

म्युझियमला गाडी पूर्ण हवी आहे,
तिन्ही चाकांसकट, शक्य तर चकचकीत.
"फ्लायव्हील न्या," आस्टा म्हणाली,
"झाकणावर मी धोंडा ठेवीन.
पण चाक मिळायचं नाही.
उद्या बटाटे काढायचे आहेत."

आणि माझं सामान, वर पाच किलो बटाटे,
तिनं ढकलगाडीत घातले, मला हात लावू दिला नाही,
आणि फाटकाकडे निघाली.
चाक दर फेऱ्याला एकदा कुरकुरत होतं.
मी शेजारून चालत होतो,
पावलं मोजत.